पारड्याखालचं नाणं

मला जुनी नाणी ओळखता येतात, असं नांदुऱ्यात चार माणसं म्हणतात. त्यातला एक मी. उरलेल्या तिघांपैकी दोघांना ते मीच सांगितलं आहे. चौथ्या फरजानाबाई. पण त्या हे म्हणताना हसतात, त्यामुळे त्यांचं मत धरावं की सोडावं हे अजून ठरलेलं नाही.

माझा पोटापाण्याचा धंदा तराजू दुरुस्तीचा. सरकारी परवाना होता. पिशवीत कानस, हातोडी, पक्कड आणि शिसं वितळवायची पळी. कापसाच्या जिनिंगमधल्या मोठ्या काट्यापासून आठवडी बाजारातल्या भाजीवालीच्या हातकाट्यापर्यंत सगळं मी नीट करायचो, मग वजनमापाचे साहेब तपासून त्यावर शिक्का मारायचे. लोक मला काटेवाले इंगळे म्हणत. आता जिकडेतिकडे बटणाचे काटे आले. ते बिघडले की दुरुस्त करत नाहीत, नवे आणतात. मीही आता घरीच असतो.

तराजूवाल्याचा नाण्यांशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध पासंगाचा. तराजूचं एक पारडं हलकं झालं की दुकानदार काटा दुरुस्त करायचे कष्ट घेत नाही. हलक्या बाजूला काहीतरी बांधतो, चिकटवतो. त्याला पासंग म्हणतात. खोट लपवायला तो लागतो आणि खोट करायलाही लागतो, म्हणून कायद्याला चालत नाही. दिसला की मी काढायचो. चाळीस वर्षांत मी तराजूंवरून कुलपाच्या किल्ल्या काढल्या, नटबोल्ट काढले, चिंचोक्यांच्या पुरचुंड्या काढल्या, एकदा लहान पोराच्या वाळ्याचं घुंगरू काढलं. आणि जुनी तांब्याची नाणी तर किती तरी. घरोघरी एखादा जुना पैसा पडलेला असतो. तो बाजारात चालत नाही आणि फेकवतही नाही. मग जातो तराजूखाली.

काढलेला पासंग कोणी परत मागत नसे. मागायचा म्हणजे कबुलीच द्यायची. त्यामुळे माझा डबा भरत गेला. दुसरे लोक पदरमोड करून संग्रह करतात, मी दरडावून केला.

ती नाणी ओळखायची कशी, हे मात्र कोणी शिकवलं नाही. बहुतेकांवर फारसी अक्षरं. मी एक जुनं पुस्तक आणलं, भिंग आणलं, वही केली आणि चित्राशी चित्र जुळवत बसलो. वर्षभरात दोन वह्या भरल्या. एका रविवारी मी आमच्या ओळखीतल्या आठ-दहा जणांना चहाला बोलावून माझ्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं नाणं दाखवलं. त्यावर खजुराचं झाड होतं, झाडाखाली दोन तलवारी होत्या आणि बाजूला बारीक अक्षरं होती. हे नाणं वऱ्हाडच्या जुन्या सुलतानांचं आहे आणि तलवारी दोन आहेत कारण त्यांना दोन आघाड्यांवर लढावं लागे, असं मी समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. चहा चांगला होता.

त्या बैठकीला आमच्या गल्लीतल्या फरजानाबाई होत्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वडिलांनी त्यांना घरीच फारसी शिकवली होती. त्यांनी नाणं हातात घेतलं, पदराला पुसलं आणि परत दिलं.

"इंगळे भाऊ, तुमचा हा सुलतान हजला जाऊन आलेला दिसते."

"म्हणजे?"

"सौदीचं नाणं आहे. माझ्या फुफीनं, आत्यानं हो, हजहून येताना असेच सुट्टे आणले होते. आमच्या घरी एक डबी भरून आहेत. पाहिजे तर देते."

लोक हसले. माझी बायको सुमन सगळ्यात जास्त वेळ हसली. मी म्हणालो, "पण वजन तं बरोबर ओळखलं होतं ना म्या?" वजन मी खरंच बरोबर ओळखलं होतं. कुठलंही नाणं तळहातावर घेतलं की किती ग्रॅम ते मी सांगतो आणि काट्यावर तेवढंच भरतं. या लेखात माझं बरोबर आलेलं एवढंच आहे, वाचकांनी ते जपून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या घेऊन मी फरजानाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी पहिलं पान उघडलं, मी काढलेली चित्रं पाहिली आणि वही माझ्याकडे उलटी फिरवली.

"आता पाहा."

वर्षभर मी निम्मी नाणी उलटी धरून वाचत होतो. फारसी आकड्यांत सात म्हणजे दोन तिरप्या रेघा खाली जुळलेल्या. आठ म्हणजे त्याच रेघा वर जुळलेल्या. नाणं उलटं धरलं की साताचे आठ आणि आठाचे सात. पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी ठिपक्यांना नक्षी समजलो होतो. माझ्या वहीतले राजे कुठे दहा वर्षं, कुठे शंभर वर्षं मागेपुढे झाले होते. एका बापाला मी त्याच्या नातवाच्या नंतर जन्माला घातलं होतं.

मग बाईंनी शिकवलं. आधी 'जर्ब' हा शब्द शोधायचा. जर्ब म्हणजे ठोका, नाणं पाडणं. त्याला लागून गावाचं नाव येतं, जिथे ते पाडलं. मोगली नाण्यांवर बहुतेक 'जुलूस' असतो. मी विचारलं, "बाई, कोणाची मिरवणूक?"

"मिरवणूक नाही हो. जुलूस म्हणजे बसणं. बादशाह तख्तावर बसून कितवं वर्ष चाललं, ते लिहितात."

आपल्याकडे जुलूस निघाला की लोक चालतात, नाण्यावर तोच बसलेला असतो. अशा गोष्टी मला फार आवडायच्या. दोन-तीन वर्षांत मी जर्ब ओळखू लागलो, आकडे वाचू लागलो आणि अर्थातच डोक्यात हवा गेली.

त्या हवेतच बीबीची गोष्ट घडली.

बीबी ही माझी सासुरवाडी, लोणार तालुक्यातलं मोठं गाव. मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथला आठवडी बाजार. वजनमापाचा कॅम्प नव्हता, मला तिथे कसलंही काम नव्हतं. पण सासुरवाडीच्या बाजारात जावयानं नुसतं हात हलवत फिरायचं म्हणजे काहीतरी कमी वाटतं. मी पिशवी काखेत मारून निघालो. पिशवी सोबत का, असं सुमननं विचारलं तेव्हा सवय म्हणालो.

भाजीच्या ओळीत एक म्हातारी वांगी-मिरच्या घेऊन बसली होती. गोदाबाई. त्यांनी कोणाला तरी वांगी मोजून दिली आणि पारडं पालथं करून झटकलं. त्या पारड्याच्या बुडाशी लाखेनं चिकटवलेलं एक नाणं होतं. जाड, काळपट, कडेला ठोक्याची चीर गेलेली. मला एवढ्या लांबून 'जर्ब' दिसला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे जाडी दिसली आणि तोंडाला पाणी सुटलं.

"मावशी, हे काय लावलं?"

"सासूच्या वेळचं हाय ते. ऱ्हाऊ द्या."

आता इथे दोन रस्ते होते. एक, मावशी, हे नाणं मला आवडलं, द्याल का, असं सरळ विचारायचं. पण मागितलं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. दुसरा रस्ता मला चाळीस वर्षांच्या सरावाचा होता.

"राहू द्या? पासंग लावून गिऱ्हाइकाले लुटता अन् वरून म्हणता राहू द्या? परवानेवाला माणूस हाव मी!"

आवाज मुद्दाम चढवला होता. शेजारचे लसूणवाले उठून उभे राहिले. गोदाबाई म्हणाल्या, "आवं जावई, लुटत नाही मी. आधी ऐकून तर घ्या."

मी ऐकलं नाही. पेचकसानं लाख उचकटली, नाणं खिशात टाकलं आणि तराजू हातात धरून सगळ्यांना दाखवला. दांडी अगदी समतोल राहिली. "पाहा, आता झाला खरा!"

मिरच्या निवडत असलेली एक बाई हातातल्या मिरच्या परत ढिगावर ठेवून पुढच्या दुकानाकडे गेली. गोदाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मीही ते पाहिलं. पण माझा हात खिशात होता आणि अंगठा नाण्यावर फिरत होता.

नांदुऱ्याला आल्या आल्या मी फरजानाबाईंचा ओटा गाठला. त्यांनी नाणं उन्हात तिरपं धरलं, खूप वेळ पाहिलं.

"जर्ब आहे. पुढे अलिफ, ये, लाम... एलिचपूर असावं. आपलं अचलपूर हो. खाली आकडे पण आहेत, पण मळात दबलेत. इंगळे भाऊ, याले हात लावू नका. धुवू नका, घासू नका. जाणकाराले दाखवू."

मग त्यांनी वहीचा एक कागद नाण्यावर ठेवला आणि पेन्सिल आडवी फिरवून त्याची छाप काढून घेतली, लहान मुलं काढतात तशी. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या नाण्याला हा पोरखेळ.

अचलपूरच्या टाकसाळीचं नाणं, वऱ्हाडात पाडलेलं, वऱ्हाडच्याच तराजूवर सापडलं आणि ओळखलं कोणी, तर काटेवाल्या इंगळ्यानं! फक्त साल वाचायचं राहिलं होतं. साल मिळालं की राजा मिळतो.

मी घरी गेलो, चिंच भिजवली, राख घेतली आणि नाणं तांब्याच्या घंगाळासारखं घासलं. जुनी नाणी जमवणाऱ्यांत याला पाप समजतात. शेकडो वर्षांत तांब्यावर जी काळी-हिरवी साय धरते तीच त्याचं कातडं असते. ती काढली की नाणं सोलल्यासारखं होतं. हे मला माहीत होतं. मी इतरांना सांगितलंही होतं. नाणं लखलखलं. गावाचं नाव थोडं पुसट झालं, पण आकडे वर आले. दोन स्पष्ट दिसत होते, तिसऱ्यावर तांब्याचा एक बारीक उंचवटा आला होता. तो तेवढा निघाला असता तर.

आमच्या धंद्यात वजन किंचित जास्त भरलं की कानशीचा एक हात मारायचा असतो. त्याला विचार लागत नाही, हात आपोआप जातो. मी एकच हात मारला.

उंचवटा गेला. त्याच्याखालचा आकडा गेला, शेजारचा गेला आणि कानस जरा लांब फिरली म्हणून अलिफ, ये, लामही गेले. तिथे तांबूस चकचकीत पट्टा उरला. चाळीस वर्षांत इतका सफाईदार हात माझा क्वचितच बसला असेल.

सुमन बाहेर आली तेव्हा मी ओट्यावर तसाच बसलो होतो. तिनं विचारलं, मी सांगितलं. निदान अर्धी गोष्ट तरी शौर्याची व्हावी म्हणून बाजारातला प्रसंगही रंगवून सांगितला. साखरपुड्याच्या भांड्यांत अडकल्यामुळे तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

सुमन एरवी माझ्यासारखी नांदुऱ्याचं मले-तुले बोलते. रागावली की बीबीची होते.

"कोणत्या पारड्याखाली होतं?" तिनं विचारलं.

"म्हंजे?"

"मालाच्या का वजनाच्या?"

भाजीवाल्याच्या तराजूला मालाचं पारडं खोल असतं आणि वजनाचं पसरट. शेंबड्या पोरालाही कळतं. मी डोळे मिटून आठवलं. गोदाबाईंनी झटकलेलं पारडं पसरट होतं. मापं उतरवून, त्याखालची माती झटकली होती त्यांनी.

"वजनाच्या," मी म्हणालो.

"मग तिनं लुटलं कोणाला?"

मी हिशेब केला. वजनाचं पारडं जड, म्हणजे समोर माल जास्त टाकल्याशिवाय दांडी सरळ होणार नाही. दर मापाला गिऱ्हाइकाला एखादं वांगं, चार मिरच्या वरच्या.

"तिच्या सासूला एकदा कोणीतरी कमी दिलं म्हणून बोललं होतं," सुमन म्हणाली. "तिनं त्या दिवशी ते नाणं चिकटवलं. म्हणली, आता कोणाला बोलायला जागा नको. लहानपणी माय मला पावशेर मिरच्यांसाठी सारा बाजार ओलांडून गोदामावशीकडंच धाडायची. अन् तुम्ही तिला चोर म्हणून आले? माझ्या गावात?"

मी तराजूवाला. पुस्तकातले सुलतान चुकले तर चुकले, ते काही माझ्या धंद्यातले नव्हते. पण कोणतं पारडं जड आहे हे मला दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. मला पाहायचंच नव्हतं. पाहिलं असतं तर नाणं तिथेच राहिलं असतं.

त्यानंतर मी लगेच बीबीला गेलो असं लिहायला आवडलं असतं. गेलो नाही. आधी माझी पाठ दुखत होती. मग जिनिंगचा हंगाम आला. मग सुमनच्या भावाशी माझं जरा बिनसलं होतं, निदान मी तसं ठरवलं होतं. फरजानाबाई नाण्याचं विचारायच्या तर मी सांगायचो, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. मला लॉकर नाही. त्यांना ते माहीत होतं.

शेवटी एक दिवस मी नाणं त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोटानं तो घासलेला पट्टा चाचपला.

"नाणं गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "छाप आहे माझ्याजवळ. त्या बाईचं काय?"

त्यांनी ती पेन्सिलीची छाप ओळखीच्या एका जाणकाराला मोबाइलवर पाठवली. आठवड्यानं उत्तर आलं. बहुतेक एलिचपूरचा पैसा, असे बऱ्यापैकी सापडतात, फार दुर्मीळ नाही; आकडे छापेत उठलेले नाहीत म्हणून साल आणि राजा सांगता येत नाही; मूळ नाणं पाठवा. मी मूळ नाण्याचाही फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही, फक्त हात जोडलेलं चित्र आलं.

पुढच्या बाजाराला मी आणि सुमन बीबीला गेलो. गोदाबाई त्याच जागी बसल्या होत्या. पुढे बटणाचा काटा होता. वांगी घातली, आकडा थांबला, आणि मग त्यांनी आणखी एक वांगं उचलून वरून टाकलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी पुढे होऊन नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं.

"हे कोणं घासलं?"

"म्या."

"काहून?"

"त्याच्यावरचं वाचाले."

"मग? वाचलं का?"

"नाही."

त्यांनी नाणं कनवटीला खोचलं. "तुम्ही गेले त्याच्यानंतर दोन बाजार माझ्याकडं कोणी फिरकलं नाही, जावई. साऱ्या जिंदगीत मी घरी भाजी वापस नेली नव्हती, ती नेली. मग पोरानं हे बटणाचं घेऊन दिलं. म्हणे, याच्यात कोणाला खोट काढता येत नाही. आता वरचं हातानं टाकावं लागतं. कधी इसरते."

मी खाली बसलो. म्हणालो, "मावशी, चुकलो मी. तुमी लुटत नव्हत्या."

"काय म्हणले?"

मी पुन्हा म्हणालो.

"ऐकू येत नाही. बाजार हाय हा. त्या दिवशी तर तुमचा आवाज पार ष्ट्यांडापर्यंत गेलता."

मी सुमनकडे पाहिलं. ती मोठ्या लक्षपूर्वक वांगी निवडत होती, जणू बीबीला ती वांग्यांसाठीच आली होती.

मग मी उभा राहिलो. माझं वय, माझं टक्कल, इस्त्रीचा शर्ट, सासुरवाडीचं गाव. होतं तेवढं बळ लावून ओरडलो, "गोदाबाई कोणाले लुटत नव्हत्या हो! नाणं वजनाच्या पारड्याखाली होतं! गिऱ्हाइकालेच जास्त जात होतं! समजलं नाही ते मलेच!"

आसपासचा गलका थांबला. कोणीतरी विचारलं, काय झालं? कोणीतरी सांगितलं, काही नाही, सुमनचा मालक हाय, काट्यावाला. दोन बाया हसल्या. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "ते तं आमाला माहीतच होतं."

मी घाम पुसला आणि खाली बसायला लागलो. गोदाबाईंनी हातानंच मला उभं राहायला सांगितलं.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "तिकडं, लसूणवाल्यांकडं तोंड करून."

मी लसूणवाल्यांकडे वळलो, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.